शेवाळ हे लक्षण, गोगलगाय हा इलाज नव्हे

गेल्या काही वर्षांत घरोघरच्या फिश टँकचे रूप पालटले आहे. प्लास्टिकची झाडे, निळी खडी आणि बुडबुडे सोडणारा खेळण्यातला पाणबुड्या मागे पडला. त्यांच्या जागी खऱ्या पाणवनस्पती, लाकडाचा ओंडका, काळे दगड आणि त्यांवर रुजलेले जावा मॉस आले. ही शैली जगभर पोहोचवली ती प्रामुख्याने जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांनी. टाकी म्हणजे पाण्याखालची बाग, हा त्यांचा विचार. पण बाग म्हटली की तण आलेच, आणि या बागेतले तण म्हणजे शेवाळ. टाकी लावून महिना होत नाही तोच काचेवर तपकिरी थर, पानांच्या कडांना हिरवे केस आणि दगडांवर काळी दाढी दिसू लागते. हौशी माणूस धास्तावून दुकानात जातो आणि तिथे ठरलेले उत्तर मिळते: चार गोगलगायी आणि दहा श्रिम्प सोडा, टाकी आपोआप साफ राहील.

हा सल्ला निम्मा बरोबर आहे. गोगलगायी आणि श्रिम्प म्हणून विकली जाणारी चिमुकली कोळंबी शेवाळ खातात, यात शंका नाही. मात्र कोणती गोगलगाय, कोणती कोळंबी, कोणत्या शेवाळासाठी आणि ती टाकीबाहेर पडली तर काय, हे प्रश्न सहसा विचारलेच जात नाहीत. त्यातला शेवटचा प्रश्न केवळ छंदाचा नाही. तो सार्वजनिक आरोग्याचा आहे. म्हणूनच निवड करताना तो सर्वांत आधी विचारायला हवा.

ताप आणि तापाची गोळी

मलेरियाच्या रुग्णाला तापाची गोळी दिली की थर्मामीटरचा पारा उतरतो, मलेरिया मात्र तसाच राहतो. शेवाळाचेही तसेच आहे. शेवाळ हा टाकीचा रोग नव्हे, ते लक्षण आहे. प्रकाश जास्त, पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट जास्त, आणि ते वापरून टाकायला झाडे पुरेशी नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

गोगलगायीने शेवाळ खाल्ले म्हणजे ते टाकीतून गेले असे नाही. तिने खाल्लेल्या नायट्रोजन-फॉस्फरसचा मोठा भाग विष्ठेवाटे पुन्हा त्याच पाण्यात येतो आणि नव्या शेवाळाचे खत होतो. ही पोषकद्रव्ये टाकीबाहेर काढण्याचे मुख्य मार्ग दोनच: ठरावीक दिवसांनी पाणी बदलणे आणि वाढलेली झाडे छाटून काढून टाकणे. दोन्हींसाठी माणसाचा हात लागतो.

म्हणून खरा उपचार दुकानात नव्हे, दिनक्रमात आहे. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये. दिवा टायमर लावून दिवसाला सहा ते आठ तासच चालू ठेवावा. माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे. आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे. सुरुवातीला भराभर वाढणारी झाडे भरपूर लावावीत, म्हणजे शेवाळाच्या तोंडचा घास ती पळवतात. एवढे केले तर सफाई करणारे प्राणी मदतनीस म्हणून उत्तम काम करतात. एवढे केले नाही तर तेही हरतात. किंबहुना माशांचे खाद्य तळाशी साचत असेल तर कोळंबी शेवाळाकडे ढुंकूनही पाहत नाही. आयते ताट समोर असताना ती काच कशाला खरवडेल?

कोण काय खाते

सगळे शेवाळ एक नसते आणि सगळे सफाईवाले सगळे खात नाहीत. हे न पाहता केलेली खरेदी म्हणजे निदानाआधीच लिहिलेली चिठ्ठी.

नव्या टाकीत काचेवर आणि वाळूवर येणारा तपकिरी थर हा डायअॅटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो. टाकी स्थिरावली की तो बहुधा आपोआप कमी होतो. काचेवर घट्ट चिकटलेले हिरवे ठिपके खरवडायला नेराइट गोगलगायीइतका चांगला कारागीर नाही. तिची जीभ बारीक दातांच्या कानशीसारखी असते आणि झाडांच्या निरोगी पानांना ती इजा करत नाही. पानांवरचे मऊ केसाळ शेवाळ उपटण्यात अमानो कोळंबी पटाईत. शास्त्रीय नाव कॅरिडिना मल्टिडेंटाटा असलेली ही कोळंबी चार-पाच सेंटिमीटर वाढते. तिचे गुण अमानो यांनीच हेरले आणि तिला त्यांचेच नाव पडले. लाल रंगाची चेरी कोळंबी तिच्याहून लहान, दिसायला सुंदर, पण कामाला हलकी. मॉसमधला कण-कण वेचणे, पानांवरचा पातळ थर पुसणे, एवढेच ती करते.

काही ठिकाणी मात्र दोघांचाही उपयोग नाही. पाणीच हिरवे झाले असेल तर ते तरंगते शेवाळ गोगलगाय कशी खाणार? दगडांवरची काळी दाढी हे खरे तर लाल शेवाळांच्या कुळातले, चिवट. ताजे असताना त्याला फारसे कोणी तोंड लावत नाही. आणि वाळूवर पसरणारी, कुबट वास येणारी निळसर-हिरवी चिकट साय ही तर शेवाळच नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. त्यांच्यासाठी गोगलगायी आणणे व्यर्थ.

संख्येचाही विवेक हवा. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच अशा टाकीत काठोकाठ भरली तरी ५४ लिटर पाणी मावते. त्यात दोन-तीन नेराइट आणि पाच-सहा अमानो कोळंब्या पुरतात. जास्त सोडल्या तर शेवाळ संपल्यावर त्या उपाशी मरतात. मेलेली गोगलगाय वेळेत काढली नाही तर ती सडून पाण्यात अमोनिया वाढवते आणि मग माशांची पाळी येते.

आपले पाणी, आपला उन्हाळा

छंदाची बहुतेक माहिती थंड देशांतून येते, टाकी मात्र नागपूरच्या किंवा सोलापूरच्या मे महिन्यात असते. चेरी आणि अमानो कोळंबीला साधारण २० ते २७ अंश सेल्सियस पाणी मानवते. उन्हाळ्यात आपल्याकडे घरातले पाणी सहज तिशी ओलांडते. २० अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास उतरतो. म्हणजे शरीराची गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. उन्हाळ्यात टाकीवर छोटा पंखा लावणे, दिवा रात्री चालवणे आणि एप्रिल-मेमध्ये नवी कोळंबी विकत न घेणे, हे साधे उपाय अनेक जीव वाचवतात.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जडपणाची. गोगलगायीला शंख बांधायला कॅल्शियम लागते. पाणी मृदू आणि आम्लधर्मी असेल तर शंख झिजतो, त्याला पांढरे खड्डे पडतात. बोअरवेलच्या जड पाण्यात हा त्रास सहसा होत नाही. नळाच्या पाण्यातले क्लोरीन मात्र दोघांनाही घातक. पाणी दिवसभर उघडे ठेवून किंवा क्लोरीन काढणारे द्रावण घालूनच ते वापरावे.

तिसरी गोष्ट तांब्याची. शेतकऱ्याच्या परिचयाचे मोरचूद म्हणजे तांब्याचे क्षार. माशांच्या अंगावरच्या परजीवींसाठी विकल्या जाणाऱ्या काही औषधांत तेच असते. माशाला जे औषध, ते कोळंबीला आणि गोगलगायीला विष. गंमत अशी, की कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्यही तांब्यावरच चालते. पण शरीरात बांधलेले तांबे वेगळे आणि पाण्यात मोकळे फिरणारे तांबे वेगळे. औषधाच्या बाटलीवरचे घटक न वाचता ते टाकीत ओतणे हे सफाईवाल्यांच्या मृत्यूचे एक नेहमीचे कारण आहे.

टाकीबाहेर पडली तर?

आता मुख्य प्रश्न. काही प्रजातींची वीण टाकीत थांबत नाही. चेरी कोळंबी एका वेळी वीस-तीस अंडी पोटाखाली वागवते आणि त्यांतून थेट पूर्ण आकाराची चिमुकली पिले बाहेर पडतात. रॅम्सहॉर्न आणि टाकीत झाडांबरोबर फुकट येणाऱ्या इतर छोट्या गोगलगायी तर काही आठवड्यांत शेकड्यांनी होतात. मग जास्तीची प्रजा बादलीत भरून नाल्यात, तळ्यात किंवा विहिरीत सोडली जाते. ‘जीव वाचवला’ असे समाधानही वाटते. प्रत्यक्षात तो नव्या संकटाचा आरंभ असू शकतो.

गोगलगाय हा अनेक परजीवी कृमींचा मधला मुक्काम आहे. हे दूर देशांतले शास्त्र नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याचा आजार स्थानिक पातळीवरच पसरत असल्याचे गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये नोंदवले. तो शिस्टोसोमा जातीच्या कृमींचा आजार होता आणि त्यांना आसरा देणारी होती फेरिसिया नावाची, टोपीसारख्या कवचाची इवलीशी गोगलगाय. भारतात माणसांतला हा आजार जवळपास नाहीच असे मानले जात असताना कोकणातल्या एका गावाने ती समजूत खोटी ठरवली. रुग्णांवर उपचार आणि गोगलगायींचे नियंत्रण केल्यावर तो आटोक्यात आला. धडा मात्र कायमचा आहे: कृमी आणि माणूस दोघे असून चालत नाही, मधली योग्य गोगलगाय हजर असावी लागते. ती हजर होऊ न देणे हाच सर्वांत स्वस्त प्रतिबंध.

ही गोगलगाय छंदाच्या वाटेने हजर होऊ शकते का? हाँगकाँगमध्ये १९७४ साली बायोम्फलेरिया ही दक्षिण अमेरिकेतली गोगलगाय ओढ्यात सापडली. शोभेच्या पाणवनस्पतींबरोबर ती आली असावी असे मानले जाते. दिसायला ती साध्या रॅम्सहॉर्नसारखी, पण आतड्याच्या शिस्टोसोमाची वाहक. दुसरे उदाहरण अॅपल स्नेलचे. पोमॅसिया वंशाची ही दक्षिण अमेरिकी गोगलगाय १९८० च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानमध्ये नेली गेली. तिथून ती आग्नेय आशियाच्या भातशेतीत पसरली आणि रोपे फस्त करू लागली. तिच्यात उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमींची अळी वाढते. २००६ मध्ये बीजिंगमध्ये ती अर्धकच्ची खाल्ल्याने दीडशेहून अधिक लोकांना मेंदूच्या आवरणाचा दाह झाला. युरोपीय संघाने २०१२ मध्ये या संपूर्ण वंशाच्या आयातीवर बंदी घातली. भारतात हे घडायला वेळ आहे असे समजणाऱ्यांनी सकर माशाकडे पाहावे. ‘टाकी साफ करणारा मासा’ म्हणून विकला गेलेला हा दक्षिण अमेरिकी मासा आज कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ जागांपासून केरळच्या कालव्यांपर्यंत ठाण मांडून बसला आहे.

घाबरून टाकी मोडण्याचे मात्र कारण नाही. परजीवीचे चक्र पूर्ण व्हायला माणसाची किंवा जनावराची विष्ठा अथवा लघवी पाण्यात जावी लागते. घरातल्या बंद टाकीत ते होत नाही. धोका टाकीत नाही, तो टाकी नाल्यात रिकामी करण्यात आहे. उलट वाटेनेही तेवढीच काळजी हवी. गावच्या तळ्यातून फुकट मिळते म्हणून गोगलगाय उचलून आणणे धोक्याचे. आपल्या तळ्यांत सर्रास आढळणारी इंडोप्लॅनॉर्बिस गोगलगाय गुरांच्या शिस्टोसोमाची वाहक आहे. तिच्यातून पाण्यात सुटणाऱ्या अळ्या माणसाच्या कातडीत शिरल्या की तीव्र खाज सुटते.

म्हणून निवडीची पहिली कसोटी ‘किती खाते’ ही नसावी, ‘निसटली तर काय’ ही असावी. या कसोटीवर नेराइट आणि अमानो कोळंबी उजव्या ठरतात. दोघींच्या पिलांना सुरुवातीला खारे किंवा मचूळ पाणी लागते, त्यामुळे गोड्या पाण्याच्या टाकीत त्यांची प्रजा वाढत नाही. नेराइट काचेवर पांढरी कडक अंडी चिकटवते ते दिसायला वाईट, पण त्यातून लोंढा येत नाही. यावर एक रास्त आक्षेप आहे. या दोन्ही मोठ्या प्रमाणात निसर्गातून पकडून विकल्या जातात, तर चेरी कोळंबी माणसानेच टाकीत वाढवलेली असते. निसर्ग ओरबाडणे बरे नव्हे, हे खरेच. पण त्यावरचे उत्तर कमी संख्येने विकत घेणे आणि त्यांना नीट जगवणे हे आहे. नीट सांभाळलेली अमानो कोळंबी दोन-तीन वर्षे जगते. चेरी पाळायची तर एक नियम पाळून: त्या टाकीतून काहीही जिवंत बाहेर जाणार नाही. किनारपट्टीवर तर हा नियम अमानो आणि नेराइटनाही लागू, कारण तिथे मचूळ पाणी हाकेच्या अंतरावर आहे.

हातावरची गाठ आणि चुकीचे औषध

टाकीशी संबंधित एक आजार डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतो. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. १९२६ साली तो फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत सापडला. हाताला जखम असताना टाकीत हात घातला की तो आत शिरतो आणि काही आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर न दुखणारी, न भरणारी गाठ येते. कधी अशा गाठींची रांग हातावर वर चढत जाते. हा जंतू ३० अंशांच्या आसपास उत्तम वाढतो, त्यामुळे प्रयोगशाळेत नेहमीच्या ३७ अंशांना ठेवलेला नमुना त्याला चुकवू शकतो. ‘घरी फिश टँक आहे’ हे रुग्णाने सांगितले आणि डॉक्टरांनी विचारले, तरच निदान लवकर होते. उपचार आहेत, पण ते अनेकदा तीन-चार महिने किंवा त्याहून अधिक चालतात. हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. अवयव प्रत्यारोपण झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तीने सफाई दुसऱ्याकडे सोपवावी. गोगलगायींमुळे काच घासण्यासाठी हात घालायची वेळ कमी येते, हा त्यांचा एक दुर्लक्षित फायदाच.

त्याहून गंभीर गोष्ट प्रतिजैविकांची. सायनोबॅक्टेरियाची साय हटत नाही म्हणून काही हौशी मंडळी टाकीत एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या विरघळवतात. माणसाच्या घशाच्या आणि फुप्फुसाच्या संसर्गासाठी असलेले हे औषध. ते फिल्टरमधल्या उपयुक्त जिवाणूंवरही घाला घालू शकते, आणि मग ते पाणी मोरीत ओतले जाते. औषधांना दाद न देणारे जंतू रुग्णालयांच्या दारात उभे असताना वाळूवरच्या सायीसाठी प्रतिजैविक खर्च करणे ही उधळपट्टी नव्हे, बेजबाबदारी आहे. ती साय नळीने ओढून काढावी, पाणी बदलावे, तीन-चार दिवस टाकी पूर्ण अंधारात ठेवावी, पाण्याचा प्रवाह वाढवावा आणि खाद्य कमी करावे.

मासा नसलेली टाकी

हल्ली टेबलावरच्या छोट्या काचपात्रात झाडे, दोन गोगलगायी आणि चार कोळंब्या ठेवण्याची पद्धत आहे. त्यात फिल्टर नसतो, मासा नसतो. असे संथ पाणी डासांना हवेच असते. अंड्यापासून उडणाऱ्या एडिस डासापर्यंतचा प्रवास उबदार हवेत सात ते दहा दिवसांत पूर्ण होतो. शहरी मलेरिया पसरवणारा डासही स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो. गोगलगाय डासांच्या अळ्या खात नाही आणि कोळंबीवर विसंबता येत नाही. आठवड्याचा कोरडा दिवस पाळून घरातली पिंपे घासायची आणि दिवाणखान्यात डेंगीची पाळणाघरे सजवायची, हा विरोधाभास टाळायला हवा. अशा पात्रावर बारीक जाळी तरी असावी, पाणी हलते ठेवणारा फिल्टर तरी असावा किंवा अळ्या खाणारा एखादा मासा तरी असावा.

हा छंद वाईट नाही. मुलांना निसर्गाचा हिशेब शिकवणारी, थकल्या डोळ्यांना विसावा देणारी अशी वस्तू घरात असणे चांगलेच. पण प्रत्येक दुकानाने टाकीवर प्राण्याचे शास्त्रीय नाव, मूळ प्रदेश आणि ‘गोड्या पाण्यात वीण होते की नाही’ हे तीन शब्दांत लिहायला काय हरकत आहे? नको झालेले प्राणी परत घेण्याची सोय दुकानांनी ठेवावी आणि पालिकांनी तिचा आग्रह धरावा. झाडे विकत घेतल्यावर ती वेगळ्या भांड्यात आठ-पंधरा दिवस ठेवून, पानांखालच्या अंड्यांचे चिकट पुंजके पुसून मगच टाकीत लावावीत. छाटलेली झाडे ओढ्यात न टाकता उन्हात पूर्ण वाळवून कचऱ्यात टाकावीत. टाकीतले पाणी कुंडीत घातले तर झाडांना खत मिळते आणि नालाही वाचतो.

दुकानातून चार गोगलगायी आणायला पाच मिनिटे लागतात. दिव्याचे तास कमी करणे, खाद्याची चिमूट लहान करणे आणि रविवारी बादलीभर पाणी बदलणे याला शिस्त लागते. टाकी स्वच्छ राहते ती या शिस्तीने. गोगलगायी आणि कोळंब्या त्या शिस्तीला हातभार लावतात, तिची जागा घेत नाहीत.